‘मॅटिक’मधलं मत

१९५०च्या दशकात अमेरिकी ट्रॅक्टरांच्या गिअरबॉक्सना भारदस्त नावं द्यायची चढाओढच लागली. इंटरनॅशनल हार्वेस्टरनं १९५४मध्ये ‘टॉर्क अ‍ॅम्प्लिफायर’ आणला: दांडा ओढला की चालत्या ट्रॅक्टरचा वेग साधारण एक तृतीयांशानं घटे, ओढ वाढे. शेतकऱ्यांनी त्याचं नुसतं ‘टीए’ केलं. फोर्डच्या १९५९च्या ‘सिलेक्ट-ओ-स्पीड’मध्ये क्लच न दाबता पुढचे दहा गिअर बदलत, पण बदलताना असा हिसका बसे, की लोक त्याला ‘जर्क-ओ-मॅटिक’ म्हणू लागले. कंपनीनं दिलेल्या नावापेक्षा हेच खरं!

‘मॅटिक’ म्हणजे ‘ऑटोमॅटिक’चं तुटलेलं शेपूट. मूळ ग्रीक ‘ऑटोमॅटोस’, आपल्या मनानं चालणारा. त्यातला ‘मॅटोस’ आणि संस्कृत ‘मत’ एकाच मुळातले. तेव्हा हिसके देणारा तो गिअरबॉक्स व्युत्पत्तीनंही स्वमताग्रहीच ठरतो.