परभणीचा पाऊस आणि शून्य प्रचरण

परभणी जिल्ह्यातील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. उरलेल्या काळात पर्जन्यमापकाच्या नोंदवहीत आठवडेच्या आठवडे केवळ शून्ये मांडली जातात. शून्यांच्या या रांगेपुढे संख्याशास्त्रातील एक प्रतिष्ठित रीत अडखळते.

ही रीत परिवर्तनबिंदूच्या शोधाची होय; मालिकेचा स्वभाव कोठे पालटला, हे ती ठरविते. तिचा उगम कारखान्यातील मालाच्या तपासणीत आहे. ई. एस. पेज यांनी १९५४ साली संचयी बेरजांची पद्धत मांडली. २०१२ मध्ये किलिक, फर्नहेड व एक्ली यांनी दीर्घ मालिका त्वरेने तपासणारी ‘पेल्ट’ रीत दिली आणि ‘आर’ भाषेतील ‘चेंजपॉइंट’ आज्ञावलीने ती सर्वत्र नेली.

प्रसामान्य वितरण गृहीत धरले, की प्रत्येक खंडाची किंमत त्याच्या प्रचरणाच्या लॉगरिथमवर अवलंबून राहते; किंमत जितकी कमी, तितका खंड ग्राह्य. सर्व नोंदी समान असल्यास प्रचरण शून्य आणि त्याचा लॉगरिथम उणे अनंत. मग दोन कोरड्या दिवसांचा तुकडाही सर्वोत्तम ठरतो! आज्ञावलीने शून्याच्या जागी ०.००००००००००१ ही संख्या घातली. तिचा लॉगरिथम उणे २५ च्या आसपास. दोन दिवसांचे उणे ५०. वर्षभराच्या मालिकेत दोन नव्या बिंदूंचा प्रचलित दंड मात्र सुमारे ३६. म्हणजे अनंत टळले, मोह टळला नाही. शिवाय ही संख्या मापाशी बांधलेली नाही. १९५६ च्या वजने-मापे कायद्यापूर्वी पाऊस इंचांत मोजला जाई. तोच पाऊस मिलिमीटरांत मांडला, तर परिवर्तनबिंदू निराळे निघू शकतात. मराठवाड्याचा पाऊस पालटला, असे विधान अशा आकड्यांवर उभारणे धाडसाचेच.

मापकाच्या सूक्ष्मतेवरून मर्यादा ठरविणे अधिक सयुक्तिक. ०.१ मि.मी.पर्यंतच्या नोंदीत पूर्णांकनाचेच प्रचरण ०.०००८ चौरस मि.मी. भरते, त्याचा लॉगरिथम सुमारे उणे ७, म्हणून दोन दिवसांचा तुकडा दंडापुढे टिकत नाही, दीर्घ कोरडा काळ टिकतो. त्याहून उत्तम मार्ग म्हणजे पाऊस पडला की नाही, हा प्रश्न प्रथम वेगळा सोडविणे आणि किती पडला, हे केवळ पावसाच्या दिवसांपुरते पाहणे.

पाणिनीने लोप पावलेल्या प्रत्ययाचेही कार्य मानले. प्रत्यय मुळात नसणे वेगळे. नोंदवहीतही मोजलेले शून्य आणि न झालेली नोंद यांत तोच भेद आहे. रिकाम्या रकान्यात मागाहून शून्य भरले गेले असेल, तर कोणतीही मर्यादा तो दोष झाकू शकत नाही. असे दिवस गणनेपूर्वीच वगळावे लागतात.