हिंगूळ अडकला, काजळ पार झाले

जुन्या पोथ्या हाताळणाऱ्यांना हिंगूळ आणि काजळ चांगले परिचयाचे असतात. मजकूर काजळाच्या शाईचा, लाल खुणा हिंगुळाच्या. पाइनवर्गीय लाकडाच्या पेशीभित्तीला भोक आहे की नाही, हा वादही याच दोन द्रव्यांभोवती फिरला.

पाइन, फर, देवदार यांच्या लाकडाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग ट्रॅकीड नावाच्या पेशींचा असतो. त्या काही मिलिमीटर लांब, केसाहून बारीक, दोन्ही टोकांना बंद आणि पाणी वाहण्याच्या वेळी मेलेल्या. मुळाचे पाणी शेंड्यापर्यंत जायचे, तर ते भिंतीतल्या गोल खाचांमधूनच पेशीमागून पेशीत शिरणार. पण ह्यूगो फोन मोल याने १८२८ मध्येच सांगून ठेवले होते की अशा खाचा म्हणजे भोके नव्हेत. तिथे भिंत फक्त पातळ असते, मध्ये पडदा असतोच.

१८७० च्या दशकात वुर्झबुर्गच्या यूलियस झाक्सने हिंगुळाची बारीक पूड पाण्यात कालवून ती फरच्या लाकडातून गाळली. पाणी आले, हिंगूळ आत अडकला. पडदा अखंड आहे, असे त्याने ठरवले. पाणी पेशींच्या पोकळीतून नव्हे, भित्तीच्या द्रव्यातूनच चढते, हे त्याचे लाडके मत होते.

ते मत टिकले नाही. डब्लिनच्या डिक्सन आणि जोली यांनी १८९४ मध्ये पोकळीतल्या सलग, ताणलेल्या जलस्तंभाची कल्पना मांडली. पडद्याचा प्रश्न मात्र उरला. तो पुढे नेला हार्वर्डच्या आयर्व्हिंग बेलीने, आणि तोही लाकूड कुजू नये म्हणून त्यात द्रव्य कसे मुरवावे या व्यवहारी चिंतेपोटी. १९१३ मध्ये त्याने ओल्या लाकडातून काजळाचे अतिसूक्ष्म कण असलेले पाणी दाबून पाठवले. कण पडद्यातून पार झाले.

झाक्सचा प्रयोग खोटा नव्हता, असे मला वाटते. कण मोठे होते, निष्कर्ष त्याहून मोठा. १९५० च्या दशकात वाल्टर लीझे आणि सहकाऱ्यांच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातील चित्रांत पडदा स्पष्ट दिसला: मध्ये जाड चकती, म्हणजे टोरस, आणि तिला सभोवार तोलून धरणारी धाग्यांची जाळी. पाणी जाळीतून जाते. देवदारात या चकतीची कड झालरीसारखी असते. त्यावरून लाकडाचा तुकडाही ओळखता येतो.

शेजारच्या पेशीत हवा शिरली, की चकती एका बाजूला ओढली जाऊन खाचेचे तोंड बुजवते. झाडाचा जलस्तंभ वाचतो. पण कापलेले लाकूड वाळतानाही हेच घडते, आणि मग बेलीला हवे असलेले तेल आत मुरत नाही. हंगामाअखेरीच्या जाड भिंतींच्या पेशींत जाळी ताठ असल्याने चकती तितकी सहज बसत नाही. म्हणून द्रव्य मुरवलेल्या पाइनचा आडवा छेद घेतला, तर वलयातल्या दाट, गडद पट्ट्यांत ते अनेकदा अधिक खोल गेलेले दिसते.