क्यासनूरच्या अरण्याचा इशारा

म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यातले क्यासनूर हे अरण्य १९५७ पूर्वी फारसे कोणाच्या ऐकिवात नव्हते. त्या वर्षी तेथील रानात माकडे मरून पडू लागली आणि आसपासच्या खेड्यांतील माणसे तीव्र ज्वराने अंथरुणास खिळली. मस्तक फुटेल अशी वेदना, गळून गेलेले अंग आणि काही रोग्यांना रक्तस्राव, अशी त्या दुखण्याची लक्षणे होती. माकडे व माणसे एकाच वेळी दगावत असल्यामुळे पीतज्वराची शंका आली. तो रोग भारतात पूर्वी कधीच आलेला नव्हता. तो शिरला असता, तर अनर्थ ओढवला असता. १९५२ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या विषाणु-संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञ तातडीने तेथे गेले.

शंका निराधार ठरली, परंतु हाती आला तो एक अगदी नवा विषाणू. त्याचे नाते रशियातील मेंदूज्वराच्या विषाणूशी होते आणि त्याचे वाहन डास नसून गोचीड होते. रानातील लहान प्राणी, माकडे व गोचिडी यांच्यात तो फिरत राहतो. माणूस त्या फेऱ्यात केवळ अपघाताने सापडतो. माणसापासून माणसास हा रोग होत नाही.

मात्र या अपघाताला माणसाचाही हातभार लागतो. जंगल तोडून शेते झाली, गुरे रानात चरू लागली. गुरांच्या अंगावर पोसलेल्या गोचिडींची संख्या वाढली. पावसाळा सरल्यावर, सरपण व पालापाचोळा गोळा करण्याच्या दिवसांतच, गोचिडींची पिल्ले सर्वाधिक असतात.

हा रोग क्यासनूरपुरता राहिला नाही. २०१५ मध्ये गोव्यातील सत्तरी तालुक्यात व २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग भागात तो प्रकटला. काजूच्या बागांत राबणाऱ्यांना त्याची झळ लागली. ज्याचे पोट रानावर, त्याला ‘रानात जाऊ नकोस’ असे सांगणे व्यर्थ होय. अंगभर वस्त्रे, गोचीड दूर ठेवणारे तेल, घरी परतताच उष्ण पाण्याने स्नान, हे उपाय त्याच्या आवाक्यात आणून देणे हे शासनाचे कर्तव्य आहे.

सर्वांत स्वस्त उपाय मात्र डोळस राहण्याचा आहे. मेलेल्या माकडास हात न लावता त्याची वर्दी त्वरित आरोग्यखात्यास द्यावी. ज्वराला ‘माकडताप’ हे नाव देणाऱ्या खेडुतांनी ही खूण केव्हाच ओळखली होती. रानातला तो मृत्यू ही गावाला वेळेवर मिळालेली सूचना असते. ती ऐकली, तर पुढची चिता टळते.