पान मांडून बसलेला यजमान

आजचा विषय वेबसाइट बंद पाडणाऱ्या हल्ल्यांचा. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या आम्ही यात कशाला पडावं, असं वाटेल. पण या इतिहासात एक जुनाच प्रश्न आहे : आपलं रक्षण शेजाऱ्याच्या हाती असेल, तर त्यानं त्याचा खर्च का सोसावा?

सप्टेंबर १९९६ मध्ये जाऊ. न्यू यॉर्कमध्ये 'पॅनिक्स' ही इंटरनेट सेवा पुरवणारी छोटी कंपनी होती. तिच्या संगणकांवर जोडणीच्या खोट्या विनंत्यांचा मारा झाला आणि सेवा कित्येक दिवस विस्कळीत राहिली. कुलूप तुटलं नाही, चोरी झाली नाही. मग झालं काय?

एखादी खानावळ डोळ्यांसमोर आणा. "जेवायला येतो" असा निरोप आला की मालक पान मांडतो, "या" असा उलट निरोप धाडतो आणि थांबतो. पाहुण्यानं "आलोच" म्हटलं की वाढप सुरू. संगणकही जोडणीआधी असेच तीन निरोप देतात-घेतात. आता कुणी खोट्या पत्त्यांवरून निरोपांचा पाऊस पाडला तर? सगळी पानं मांडलेली, जेवणारा एकही नाही, आणि खरं गिऱ्हाईक दारातूनच परत! हल्ला तिजोरीवर नव्हता. यजमानाच्या भलेपणावर होता.

त्याच महिन्यात डॅनियल बर्नस्टाइन यांनी 'सिन कुकी'ची युक्ती सुचवली. पान आधी मांडायचंच नाही. उलट निरोपात गुप्त खुणेचा एक आकडा धाडायचा. तो घेऊन कुणी परत आलं, तरच पान. खोटा पत्ता देणाऱ्याला तो आकडा मिळतच नाही, कारण निरोप भलतीकडे जातो.

पण फेब्रुवारी २००० मध्ये याहू, ईबे, ॲमेझॉन आणि सीएनएन यांच्या वेबसाइट एकाच आठवड्यात कोलमडल्या. हल्लेखोर होता कॅनडातला १५ वर्षांचा मुलगा. त्यानं दुसऱ्यांचे संगणक ताब्यात घेऊन कामाला जुंपले होते. रस्ताच तुंबला, तर दारात खूण तपासून काय उपयोग?

मे २००० मध्ये 'बीसीपी ३८' ही शिफारस आली. प्रत्येक सेवादात्यानं आपल्याकडून बाहेर पडणाऱ्या निरोपावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता तपासावा, खोटा असेल तर तिथेच अडवावं. साधी गोष्ट! पण गोम पाहा : खर्च गाळणी लावणाऱ्याचा, फायदा परक्याचा. म्हणून आजही ती सगळीकडे लागलेली नाही. इतरांनी पाळावा असं वाटणाऱ्या नियमातून स्वतःला वगळू नये, असं कांटनं १७८५ मध्ये सांगितलं होतं. वर्गात ते शिकवताना आम्हाला असं रोकडं उदाहरण कधी सापडलं नव्हतं.

पुढे २१ ऑक्टोबर २०१६ ला, वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या 'डाइन' या अमेरिकी कंपनीवर हल्ला झाला. ट्विटर, नेटफ्लिक्स अडखळले. फौज कुणाची होती? लोकांच्या घरा-दुकानांतल्या कॅमेऱ्यांची! कारखान्यातून आलेला पासवर्ड मालकांनी बदललेला नव्हता, तो 'मिराई' या प्रोग्रामनं वापरला. इथे खोट्या पत्त्याची गरजही उरली नाही.

मग छोट्या व्यापाऱ्यानं काय करावं? गर्दी झेलून गाळणाऱ्या एखाद्या मोठ्या सेवेच्या आडोशाला जावं, पण आपल्या सर्व्हरचा मूळ पत्ता उघडा ठेवू नये. नाहीतर पुढचं दार राखलं आणि मागचं सताड उघडं, अशी गत. एका पत्त्याहून किती विनंत्या घ्यायच्या, याला मर्यादा घालावी. अडचणीच्या रात्री फोन कुणाला करायचा, हे आधीच ठरवावं.

आडोसा विकत मिळतो, शेजारधर्म मिळत नाही. तेव्हा आज घरी गेल्यावर आपल्या कॅमेऱ्याचा पासवर्ड बदला. त्यानं वाचलं तर दुसऱ्याच कुणाचं तरी दुकान वाचेल. आमचं म्हणणं एवढंच, की तेवढं कारण पुरेसं आहे.