एका घराची ताटातूट आणि आपला नवा करार

वाचनासाठी : योहान 12:24-26



गेल्या रविवारची गोष्ट सांगते. इथे पलसाण्यात आपण पंधरा-सोळा मराठी घरं एकत्र जमतो. बहुतेक जण नंदुरबार, धुळे, जळगावकडचे. कोणी डाईंग मिलमध्ये, कोणी साडीच्या कारखान्यात कामाला. भक्ती संपल्यावर शास्त्रपाठ वाचायला मी एका दहा वर्षांच्या मुलीला उभं केलं. दोन ओळी वाचून ती थांबली. म्हणाली, "मावशी, मला ही वर रेघ असलेली अक्षरं पटपट नाही येत. शाळेत आम्हाला गुजराती आहे. गुजराती बायबल घेतलं तर नाही का चालणार?"

तिच्या आईला ओशाळल्यासारखं झालं. मी तेव्हा हसून वेळ निभावली, पण घरी आल्यावर तो प्रश्न डोक्यातून जाईना. मुलीचं काही चुकलं नव्हतं. देव गुजराती ऐकतो आणि मराठीही ऐकतो. मग मराठी बायबल हातात धरायचं ते कशासाठी? ते आपल्याकडे आलं कसं, हे मला तरी कुठे नीट माहीत होतं? म्हणून या आठवड्यात जे वाचलं, ते तुमच्यापुढे ठेवते. ही गोष्ट एका जोडप्याची आहे. गॉर्डन हॉल आणि मार्गारेट हॉल.

मुंबईला येण्याआधी

गॉर्डन हॉल यांचा जन्म 1784 सालचा, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स प्रांतातला. विल्यम्स कॉलेजात शिकले. पुढे एका मंडळीने त्यांना पाळक म्हणून बोलावलं होतं. चांगली जागा होती, मायदेश होता. त्यांनी नम्रपणे नाही म्हटलं. 6 फेब्रुवारी 1812 रोजी सेलम गावातल्या चर्चमध्ये पाच तरुणांची परदेशी सेवेसाठी दीक्षा झाली. अमेरिकन बोर्डाने परदेशी पाठवलेले हे पहिले मिशनरी. त्या पाचांत हॉल होते.

तेव्हा कंपनी सरकारला मिशनरी नको होते. कलकत्त्याला उतरताच देश सोडण्याचा हुकूम झाला. हॉल, त्यांचे सोबती सॅम्युअल नॉट आणि नॉट यांच्या पत्नी रॉक्साना कसेबसे जहाजात बसून 11 फेब्रुवारी 1813 रोजी मुंबईला पोचले. तिथेही तोच हुकूम वाट पाहत होता. जवळजवळ वर्षभर ही ओढाताण चालली. एकदा तर ते गुपचूप कोचीनपर्यंत गेले आणि तिथून परत आणले गेले. शेवटी गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांच्या कारकिर्दीत त्यांना मुंबईत राहू देण्यात आलं.

त्याच तुकडीतली हॅरिएट न्यूवेल मात्र भारतातल्या सेवेपर्यंत पोचलीच नाही. कलकत्त्याहून घालवून दिल्यावर वाटेत जहाजात तिचं बाळ गेलं, आणि 30 नोव्हेंबर 1812 रोजी मॉरिशसला ती स्वतः गेली. वय अवघं 19. तिचे पती सॅम्युअल न्यूवेल पुढे एकटेच मुंबईला आले आणि हॉल यांच्या कामाला लागले.

बाजारातली मराठी

श्रीरामपूरला विल्यम केरी यांच्या मंडळींनी 1811 मध्ये मराठी नवा करार छापला होता. तो मोडी लिपीत होता, आणि मुंबई-कोकणातल्या माणसांना त्यातली भाषा नीट उमगत नव्हती. म्हणून मुंबईच्या या मंडळींनी नव्याने भाषांतर करायचं ठरवलं, तेही बालबोध अक्षरांत.

पण त्यासाठी आधी भाषा यायला हवी. आजच्यासारखे शब्दकोश तेव्हा नव्हते. शास्त्र्यांकडून शिकायचं, मग बाजारात, नाक्यावर, देवळासमोर जाऊन लोकांशी बोलायचं, आणि आपल्या तोंडचा शब्द समोरच्याला कळला की नाही हे त्याच्या चेहऱ्यावरून ओळखायचं. आपण लोक मिशनऱ्यांची नावं घेतो, पण त्यांच्या चुका सुधारणाऱ्या मराठी शास्त्र्यांची आठवण काढत नाही. त्यातले बहुतेक कधी ख्रिस्ती झाले नाहीत. तरी आपल्या नव्या करारातल्या किती शब्दांवर त्यांचा हात फिरला असेल!

नोव्हेंबर 1816 मध्ये होरेशिओ बार्डवेल हे छपाई जाणणारे मिशनरी पत्नीसह आले. 10 मार्च 1817 रोजी मिशनच्या छापखान्यातून पहिलं मराठी काम बाहेर पडलं. शास्त्रातले उतारे असलेली आठ पानांची पुस्तिका, प्रती 1500. पाठोपाठ मत्तयाचं शुभवर्तमान आलं. याच अमेरिकन मिशनच्या छापखान्याकडे पाहून पुढे गणपत कृष्णाजींनी आपला छापखाना काढला, आणि निर्णयसागरचे जावजी दादाजी लहानपणी याच छापखान्यात काम शिकले. म्हणजे त्या आठ पानांचा उपयोग फक्त ख्रिस्ती लोकांनाच झाला असं नाही.

मार्गारेट

छापखाना उभा राहत होता, त्याच दिवसांत, 19 डिसेंबर 1816 रोजी, हॉल यांचं लग्न झालं. वधू मार्गारेट लुईस, मुंबईत राहणारी इंग्रज स्त्री.

नव्या कराराच्या भाषांतरकारांत तिचं नाव तुम्हाला सापडणार नाही. पण जरा विचार करा. नवरा सकाळी शास्त्र्याबरोबर बसतो, दुपारी शाळा पाहतो, संध्याकाळी बाजारात उपदेशाला जातो, रात्री दिव्याखाली मुद्रितं तपासतो. मुंबईची हवा दमट, तापाची साथ कायमची, पगार तुटपुंजा. ते घर चालत होतं कोणाच्या जिवावर? आपल्याकडे पाळकांच्या घरात काय असतं ते आपण पाहतोच. पाहुणा येतो तो पाळकांकडे, पण चहा कोण ठेवतं?

हॉल आणि न्यूवेल यांनी 1818 मध्ये मिळून एक पुस्तक लिहिलं. जगातल्या साठ कोटी लोकांपर्यंत शुभवर्तमान न्यायचं तर किती माणसं लागतील, याचा त्यांनी त्यात हिशोब मांडला होता. हिशोब मोठा होता, हाताशी माणसं मात्र बोटांवर मोजण्याइतकी. आणि तीही एकेक करून कमी होत गेली. नॉट पती-पत्नी आजारपणामुळे 1815 मध्येच परतली होती. न्यूवेल 30 मे 1821 रोजी पटकीने गेले. बार्डवेल त्याच वर्षी प्रकृतीमुळे परत गेले. ठाण्याला काम करणारे जॉन निकोल्स डिसेंबर 1824 मध्ये वारले. एडमंड फ्रॉस्ट ऑक्टोबर 1825 मध्ये गेले. उरले हॉल, ॲलन ग्रेव्हज आणि छपाई सांभाळणारे जेम्स गॅरेट. न्यूवेल यांची दुसरी पत्नी फिलोमेला विधवा झाल्यावर देशी परतली नाही. तिने गॅरेट यांच्याशी लग्न केलं आणि मुंबईतच राहिली.

1825 चा निर्णय

1825 मध्ये हॉल यांच्या घरात दोन लहान मुलगे होते. मुलांची प्रकृती मुंबईत टिकेल असं दिसत नव्हतं. समुद्राची हवा आणि अमेरिकेची थंडी मिळाली तर ती वाचतील, एवढीच आशा होती.

आता तुम्हीच सांगा, बापाने काय करावं? नवा करार छपाईत आहे, सोबती मातीत गेले आहेत, आपण निघालो तर काम थांबेल. आणि मुलं डोळ्यांसमोर सुकत आहेत.

त्यांनी ठरवलं की मार्गारेटने मुलांना घेऊन जायचं आणि हॉल यांनी मागे राहायचं. त्या वर्षी ती जहाजावर चढली. तिला तो देश माहेरही नव्हता. ती इंग्रज, निघाली होती नवऱ्याच्या देशाला, आणि नवरा सोबत नव्हता. त्या प्रवासातच दोघांपैकी एक मुलगा दगावला. ज्यांना वाचवायला निघाली, त्यांतल्या एकाला तिने समुद्राच्या स्वाधीन केलं.

हे वाचताना मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. खरं सांगते, मला हा निर्णय आजही सोपा वाटत नाही. त्याने जायला हवं होतं, असंही मनात येतं. देवाची सेवा म्हटली की सगळं आपोआप बरोबर ठरतं, असं मला म्हणता येत नाही. एवढंच म्हणता येतं की दोघांनी आपापल्या वाटणीचं ओझं उचललं, आणि तिच्या वाटणीला आलेलं ओझं काही हलकं नव्हतं.

देवळाच्या पडवीत

मार्च 1826 च्या सुरुवातीला हॉल उपदेशाच्या दौऱ्यावर घाट चढून नाशिककडे गेले. तिथे पटकीची साथ भडकली होती. माणसं पटापट मरत होती. त्यांनी जवळची जवळजवळ सगळी औषधं आजाऱ्यांना वाटून टाकली आणि परत फिरले. 19 मार्चच्या रात्री ते वाटेतल्या एका गावी पोचले. जुन्या नोंदींत त्याचं नाव धोरली-धापूर असं येतं. रात्री तिथल्या देवळाच्या पडवीत त्यांनी चटई टाकली.

पहाटे त्यांना पटकीने गाठलं. औषध फारसं उरलं नव्हतं. सोबत दोन ख्रिस्ती तरुण मुलगे होते. हॉल यांनी त्यांना सांगितलं की आता मी वाचत नाही. त्यांना धीर दिला, प्रार्थना केली, आणि तीन वेळा देवाचा गौरव करून 20 मार्च 1826 रोजी ते प्रभूमध्ये निजले. बेचाळिसावा वाढदिवस काही दिवसांवर आला होता. त्या मुलांनीच खड्डा खणला आणि पेटी नाही म्हणून घोंगडीत गुंडाळून त्यांना पुरलं.

त्याच वर्षी, 1826 मध्ये, मुंबईच्या छापखान्यातून मराठी नवा करार पूर्ण बाहेर पडला.

आणि मार्गारेट? त्या काळी पत्र पोचायला चार-पाच महिने लागत. तिकडे अमेरिकेत कित्येक दिवस ती सधवेसारखी जगत असेल, नवऱ्याला पत्रं लिहीत असेल, आणि इकडे घाटावरच्या मातीवर गवत उगवलं असेल. ती दोघं पुन्हा भेटली नाहीत. वाचलेला मुलगा, बापाच्याच नावाचा गॉर्डन, पुढे मॅसॅच्युसेट्समध्ये पाळक झाला.

काम पुढे चाललं

पहिला मराठी नवा करार काही निर्दोष नव्हता. भाषा अवघडलेली होती, पुन्हा पुन्हा सुधारावी लागली. ग्रेव्हज यांनी आयुष्याची शेवटची वर्षं भाषांतराला दिली आणि 1843 मध्ये महाबळेश्वरी त्यांचं निधन झालं. संपूर्ण मराठी बायबल 1847 मध्ये निघालं. पुढे पंडिता रमाबाईंनी साध्या बायकांना कळेल अशा मराठीसाठी स्वतः इब्री आणि ग्रीक शिकून केडगावला संपूर्ण भाषांतर केलं. ते काम उरकून 1922 मध्ये त्या गेल्या. एकाने मांडलेला शब्द दुसऱ्याने दुरुस्त केला, तिसऱ्याने सोपा केला. आज आपण वाचतो ते या सगळ्यांच्या हातांतून आलेलं आहे.

आणि आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येते. ती ज्या गुजराती बायबलबद्दल विचारत होती, ते कुठून आलं माहीत आहे? आपल्याच सुरतेतून. 1815 मध्ये लंडन मिशनचे जेम्स स्किनर आणि विल्यम फाय्वी सुरतेला आले. 1821 च्या सुमारास त्यांचा गुजराती नवा करार सुरतेच्याच छापखान्यात तयार झाला, आणि दोनएक वर्षांत जुना करारही. स्किनर 1821 मध्येच सुरतेत वारले. हाती घेतलेलं काम सोबत्यावर सोपवून त्यांनाही जावं लागलं.

म्हणजे तिच्यापुढे दोन्ही पुस्तकं ठेवली, तर दोन्ही कोणाच्या तरी घराच्या किमतीवर आलेली आहेत. त्यातलं एक परकं आणि एक आपलं, असं मी तिला सांगणार नाही. शाळेची भाषा तिला येते, तिने गुजरातीत जरूर वाचावं. पण तिची आजी गावाकडे मराठीत प्रार्थना करते. आई आजारी मुलाच्या उशाशी बसून मराठीतच देवाला हाक मारते. त्या हाकेत काय आहे हे मुलीला कळायचं असेल, तर वर रेघ असलेली अक्षरंही यायला हवीत.

म्हणून या रविवारपासून भक्तीनंतर अर्धा तास मुलांना घेऊन बसायचं ठरवलं आहे. मार्कच्या शुभवर्तमानापासून सुरुवात करू, रोज चार ओळी, बोट ठेवून. पालकांना एकच विनंती. घरी आठवड्यातून एक संध्याकाळ मोबाईल बाजूला ठेवा आणि मुलाकडून एक परिच्छेद मोठ्याने वाचून घ्या. अडखळलं तर रागावू नका. हॉलसाहेबही सुरुवातीला असेच अडखळले असतील.

वर दिलेला योहानाचा शास्त्रभाग घरी सावकाश वाचा. गव्हाचा दाणा जमिनीत पडतो, त्याबद्दल प्रभू तिथे बोलतो. वाचताना नाशिकच्या वाटेवरचा तो माणूस आठवा. आणि जहाजाच्या कठड्याशी उभी असलेली मार्गारेटही आठवा.

प्रार्थना : हे प्रेमळ पित्या, तुझं वचन आमच्या बोलीत आमच्या हाती दिलंस म्हणून तुझे आभार. ज्यांची नावं पुस्तकावर आली आणि ज्यांची आली नाहीत, त्या सर्वांसाठी तुझी स्तुती करतो. सेवेच्या घरांत मागे राहून ओझं वाहणाऱ्या बायकामुलांना बळ दे. आमच्या लेकरांच्या जिभेवर तुझं वचन ठेव, मराठीत आणि गुजरातीतही. येशूच्या नावाने मागतो. आमेन.