निंदणातली भाजी

कृषिशास्त्राच्या पुस्तकात काटेमाठ हे तण आहे. माझ्या आईच्या लेखी ती भाजी आहे. एकाच झाडाला ही दोन नावे का पडावीत, हा प्रश्न वनस्पतिशास्त्राचा नाही, जमिनीच्या मालकीचा आहे. वावर ज्याचे, त्याला पिकाखेरीज उगवेल ते तण.

वऱ्हाडचा इतिहास म्हणजे कापसाचा इतिहास, असे आपल्याला शिकविले गेले. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले. १८६१-६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात इथल्या कपाशीला भाव आला. १८६७ मध्ये अकोला-बडनेऱ्यावरून रेल्वे नागपूरला पोहोचली. गाठींची नोंद आहे. ती कपाशी जिने निंदली, तिने संध्याकाळी कशाशी भाकर खाल्ली, याची नोंद नाही. पडीक आणि गायरान कपाशीखाली जात राहिले, जंगलावर सरकारी पहारा बसला. भूमिहीनाला भाजी खुडायला जागा उरली ती मालकाच्याच कपाशीच्या ओळींमध्ये. १८९९-१९०० च्या दुष्काळासारख्या काळात गरीब रानभाजीवर जगले असे सहज लिहिले जाते. पाऊस नसला की तणही उगवत नाही, हे लिहिणाऱ्याला कुठून ठाऊक असणार!

आई आषाढ-श्रावणात निंदायला जाई. इळ्याने तण काढता काढता तांदुळजा, घोळ, काटेमाठाचे शेंडे ओटीत टाकी. काटेमाठ कोवळा असतानाच खुडायचा. पुढे पानांच्या बेचक्यातले काटे बोटांत शिरतात. दिवस मावळता धुऱ्यावर मालकाचा माणूस ओटी तपासायचा, मुगाच्या शेंगा तर नाहीत ना म्हणून. भाजी दिसली की हसून सोडून द्यायचा. ते हसणे ती विसरली नाही. मी कॉलेजात शिकवू लागलो, तेव्हापासून पाहुण्यांसमोर ती ही भाजी करीत नाही.

राजगिरा या काटेमाठाचा सख्खा भाऊबंद. दोघेही मूळचे अमेरिकेतले, समुद्र ओलांडून आलेले. एकाला उपासाच्या ताटात जागा मिळाली, दुसरा उपटून धुऱ्यावर फेकला जातो. जातिव्यवस्था परदेशी झाडांनाही सोडीत नाही.

१० जून २०१९ रोजी अकोट तालुक्यातल्या अकोली जहाँगीरला शेतकऱ्यांनी तणनाशक सोसणारी, परवानगी नसलेली कपाशी जाहीरपणे पेरली. निंदणाची मजुरी परवडत नाही, हे त्यांचे म्हणणे. लहान शेतकऱ्यापुरते ते खोटे नाही. परंतु त्या वादात निंदणाऱ्या बाईला कोणी विचारले नाही. फवारा मारला की तिची मजुरी आणि तिची भाजी एकाच दिवशी जाते. तण मात्र जाईलच असे नाही: अमेरिकेत जॉर्जियामध्ये माठाच्याच कुळातले एक तण ग्लायफोसेटला दाद देत नाही, हे २००५ मध्येच दिसून आले होते.

आता कृषी विभाग रानभाजी महोत्सव भरवतो. आईला एकदा घेऊन गेलो. टेबलावर काटेमाठाची जुडी होती, पाटीवर तिचे औषधी गुण लिहिलेले. आईने जुडी उलटून पाहिली, फुलोरा आलेला होता.

"निबर हाय," म्हणाली, आणि परत ठेवली.