पिकअपमधील आवाज आणि गिअरच्या तक्रारी : दोष कसा ओळखावा

बेळगावहून भाजी भरून पहाटे जांबोटीमार्गे चोर्ला घाट उतरणारी, मालीमच्या धक्क्यावरून मासळी घेऊन गावोगाव फिरणारी आणि चतुर्थीच्या दिवसांत माटोळीच्या सामानापासून मूर्तीपर्यंत सारे काही वाहणारी पिकअप गाडी गोव्याच्या दैनंदिन व्यवहाराचा मोठा भार उचलते. ही गाडी एक दिवस उभी राहिली, तर मालकाचा त्या दिवसाचा धंदा बुडतो आणि हौद्यातला नाशिवंत मालही हातचा जातो. म्हणून गाडीतून नवा आवाज येऊ लागला किंवा गिअर अडू लागला, की मालकापुढे दोन वाटा उभ्या राहतात, आणि दोन्ही धोक्याच्या असतात. दुर्लक्ष केले, तर भरल्या गाडीचा गिअर घाटउतारावर निसटण्याचा प्रसंग येतो. घाई केली, तर गिअरबॉक्स उतरवून क्लच नवा बसविला जातो आणि आवाज मात्र तसाच राहतो; कारण दोष चाकाच्या बेअरिंगमध्ये असतो. पाना हाती घेण्यापूर्वी दोषाची जागा निश्चित करणे, हाच या दोन्हींवरचा उपाय आहे.

शक्तीचा मार्ग

मालवाहू पिकअपमध्ये सामान्यतः इंजिन पुढे असते आणि शक्ती मागील चाकांना मिळते. इंजिनच्या फ्लायव्हीलवर क्लच, त्यामागे गिअरबॉक्स, तेथून प्रोपेलर शाफ्ट, मग डिफरन्शिअल आणि शेवटी अॅक्सल व चाके, असा हा क्रम आहे. लांब गाड्यांत प्रोपेलर शाफ्ट दोन तुकड्यांचा असून मध्ये रबरात बसविलेले सेंटर बेअरिंग असते. निदानाचे सारे कौशल्य या साखळीचा एकेक दुवा वगळत जाण्यात आहे. जो भाग फिरत नसतानाही आवाज येतो, तो भाग निर्दोष समजावा.

पहिला प्रश्न : आवाज कोणाच्या गतीने चालतो?

गाडी उभी असताना, न्यूट्रलमध्ये, अॅक्सिलरेटर दाबल्यावर आवाज वाढत असेल, तर त्याचे मूळ इंजिन, क्लच किंवा गिअरबॉक्सच्या पुढील भागात शोधावे. गाडी धावत असतानाच आवाज येत असेल आणि कोणत्याही गिअरमध्ये तो केवळ वेगाप्रमाणे बदलत असेल, तर मूळ गिअरबॉक्सच्या मागे असण्याची शक्यता अधिक. खात्रीसाठी मोकळ्या, सपाट रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरच्या आसपास क्षणभर क्लच दाबून इंजिन मंद होऊ द्यावे. आवाज तसाच चालू राहिला, तर इंजिन संशयातून सुटते. ही परीक्षा उतारावर कधीही करू नये.

आवाजाची लय मोजल्यानेही पुष्कळ उलगडते. पिकअपच्या टायरचा घेर सुमारे २.२ मीटर असतो. ताशी ६० किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला साधारण साडेसात फेरे घेते. डिफरन्शिअलचे प्रमाण ४ ला १ धरल्यास प्रोपेलर शाफ्ट त्याच वेळी सेकंदाला तीस फेरे घेतो. म्हणून चाक किंवा टायर बिघडल्यास ‘धप्‌ धप्‌’ असे सुटे ठोके जाणवतात, तर शाफ्टचा तोल गेल्यास आसनाखाली सलग गुंजन आणि थरथर जाणवते. इंजिनमध्ये कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या निम्म्या गतीने फिरतो. त्यामुळे एखाद्या टॅपेटची हलकी टिकटिक इंजिनच्या दोन फेऱ्यांत एकदाच ऐकू येते. तिचा त्रास लगेच होत नाही. याउलट भार येताच वाढणारा, खोल, जड ठोका कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा असू शकतो. तो ऐकू येताच इंजिन बंद करणे शहाणपणाचे.

क्लच पेडलची परीक्षा

गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा आणि इंजिन मंद चालू द्यावे. पेडल सोडलेले असताना गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट व त्याच्याशी जोडलेला काउंटर शाफ्ट फिरत असतो. पेडल पूर्ण दाबले की दोन्ही थांबतात. त्यामुळे पेडल सोडल्यावर येणारी घरघर पेडल दाबताच थांबत असेल, तर गिअरबॉक्समधील या शाफ्टांची बेअरिंगे झिजलेली असण्याचा संभव असतो. डिझेल इंजिनच्या धक्क्यांमुळे होणारा किंचित खडखडाट मात्र अनेक गाड्यांत स्वाभाविक असतो. त्यात झालेली वाढ तेवढी लक्षात घ्यावी.

उलट, पेडल दाबल्यावरच चर्रर्र किंवा किरकिर सुरू होत असेल, तर रिलीज बेअरिंगकडे बोट जाते. पेडलावर पाय नुसता टेकविताच आवाज सुरू होणे ही त्याची आणखी एक खूण. गाडी चालविताना डावा पाय सतत पेडलावर ठेवण्याची सवय या बेअरिंगचे आयुष्य झपाट्याने कमी करते. काही गाड्यांत हे बेअरिंग नेहमीच हलके टेकलेले असते; तेथे पेडल किंचित दाबल्यावर आवाजाचा सूर बदलतो का, ते ऐकावे.

धावत्या गाडीतील आवाज

गाडी सुरू होताना, किंवा पुढच्या गिअरमधून रिव्हर्समध्ये जाताना ‘खट्‌’ असा धातूचा एकच ठोका येत असेल, तर प्रथम प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस जॉइंट पाहावेत. इंजिन बंद करून, चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे लावून शाफ्ट हाताने उलटसुलट पिळावा. जॉइंटमध्येच हालचाल दिसली, तर तो झिजलेला आहे. जॉइंट घट्ट असूनही शाफ्ट बराच फिरत असेल, तर डिफरन्शिअलच्या दात्यांतील मोकळीक वाढलेली असते. कमी वेगात पाखराच्या चिवचिवाटासारखा तालबद्ध आवाज बहुधा ग्रीस संपलेल्या क्रॉसचा असतो, आणि वेळीच ग्रीस भरल्यास मोठा खर्च टळतो.

नवा क्रॉस बसविल्यानंतर थरथर सुरू झाली, तर शाफ्ट चुकीच्या जागी जोडलेला असण्याची शक्यता असते. कोनात फिरणारा एक क्रॉस जॉइंट एकसारखी गती देत नाही. प्रत्येक फेऱ्यात ती दोनदा वाढते आणि दोनदा घटते. दुसऱ्या टोकाचा जॉइंट नेमक्या उलट पद्धतीने ही चढउतार मिटवितो. त्यासाठी शाफ्टच्या दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत असावे लागतात. म्हणूनच जाणता मेकॅनिक शाफ्ट सोडविण्यापूर्वी त्यावर खडूची किंवा रंगाची खूण करून ठेवतो. भरलेली गाडी उचलताना पहिल्या काही मीटरांतच अंग शहारल्यासारखी हलत असेल, तर सेंटर बेअरिंगचे रबर फाटले आहे का, ते तपासावे; तेलकट किंवा जळालेल्या क्लच प्लेटमुळेही तसे होते.

डिफरन्शिअलचा आवाज भारानुसार बदलतो. ओढताना ‘ऊंऽऽ’ असा सूर येतो आणि अॅक्सिलरेटर सोडताच तो जातो किंवा वेगळा होतो, तर क्राउन व पिनियनच्या दात्यांची झीज किंवा जुळणी संशयास्पद असते. ओढताना आणि सोडताना सारखीच घरघर असेल, तर बेअरिंग पाहावे. केवळ वळणावर आवाज आला, तर आतील लहान गिअरांची शंका घ्यावी.

चाकाच्या बेअरिंगची खूणही वळणावरच कळते. उजवीकडे वळताना गाडीचा भार डाव्या चाकांवर जातो. त्या वेळी घरघर वाढली, तर डाव्या बाजूचे बेअरिंग सदोष समजावे, आणि डावीकडे वळताना वाढली, तर उजव्या बाजूचे. रस्त्याचा पृष्ठभाग बदलताच आवाजही बदलत असेल, तर तो टायरचा असतो. पंधरा-वीस किलोमीटर धावल्यानंतर प्रत्येक हबजवळ हाताची मागची बाजू नेऊन पाहावी. एकच हब इतरांपेक्षा अधिक तापलेला असेल, तर बेअरिंग बिघडलेले किंवा ब्रेक चिकटलेला असतो. खड्ड्यांतून जाताना येणारी करकर मात्र बहुतेक वेळा पाट्यांच्या बुशांची असते. पाटे धुऱ्याला बांधणारे यू-बोल्ट ढिले असतील, तर ते ताबडतोब आवळावेत. धुरा जागेवरून सरकल्यास गाडी हातात राहत नाही.

गिअर पडत नसेल तर

येथे पहिली परीक्षा इंजिन बंद करून करावी. इंजिन बंद असताना सर्व गिअर सहज पडतात आणि चालू असताना सर्वच अडतात, असे असेल तर गिअरबॉक्सला दोष देऊ नये. क्लच पूर्ण सुटत नाही, असे समजावे. त्याची खात्री रिव्हर्स गिअरने होते. मंद इंजिनवर क्लच पूर्ण दाबून चार-पाच सेकंद थांबावे आणि मग रिव्हर्स टाकावा. तेवढ्या वेळात इनपुट शाफ्ट थांबायला हवा. तरीही दाते घासले, तर क्लच ओढून धरीत आहे. पेडल दोन-तीनदा भराभर दाबल्यावर गिअर पडत असेल, तर हायड्रॉलिक नळीत हवा शिरली आहे किंवा मास्टर अथवा स्लेव्ह सिलिंडर गळतो आहे. अशा वेळी काही शे रुपयांच्या वायसरांऐवजी हजारोंचा क्लच बदलला जाण्याचे प्रसंग घडतात.

इंजिन बंद असतानाही गिअर अडत असतील, तर गिअरच्या केबल, दांडे व प्लास्टिकचे बुश पाहावेत. एकाच गिअरला घासल्याचा आवाज येत असेल, तर त्या गिअरची सिंक्रोनायझर रिंग झिजलेली असते. १९२८ साली कॅडिलॅकने प्रथम मोटारगाडीत आणलेली ही व्यवस्था दोन गिअरांची गती जुळवून मगच दाते एकमेकांत बसू देते. शहरातील वर्दळीत वारंवार वापरल्यामुळे दुसऱ्या गिअरची रिंग बहुधा आधी जाते. न्यूट्रलमध्ये एकदा क्लच सोडून, पुन्हा दाबून खालचा गिअर टाकण्याची जुनी रीत, म्हणजे डबल क्लच, येथे निदानालाही उपयोगी पडते. तसे केल्यावर घासणे थांबले, तर क्लच ठीक असून रिंग गेली आहे, हे स्पष्ट होते.

आवाज बहुतेक गिअरांत येतो, पण चौथ्या गिअरमध्ये नाहीसा होतो, हे लक्षणही बोलके आहे. या रचनेच्या अनेक पाच-गिअरी गाड्यांत चौथा गिअर थेट असतो. शक्ती काउंटर शाफ्टवरून न जाता सरळ पुढून मागे जाते. तेथे आवाज थांबला, तर काउंटर शाफ्टचे गिअर किंवा बेअरिंग दोषी ठरते.

चढावर इंजिनचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, आणि जळका वास येतो, तेव्हा क्लच निसटत असतो. हँडब्रेक घट्ट ओढून, समोर मोकळी जागा ठेवून, चौथ्या गिअरमध्ये पेडल हळूहळू सोडावे. निरोगी क्लच इंजिन बंद पाडतो. इंजिन चालूच राहिले, तर प्लेट झिजली आहे. ही परीक्षा एकदाच करावी. वारंवार केल्यास उरलेली प्लेटही जळते.

गिअर आपोआप निसटणे

सर्व तक्रारींत ही सर्वाधिक गंभीर आहे. अॅक्सिलरेटर सोडताच दांडा न्यूट्रलमध्ये उडी मारीत असेल, तर कारणे तीन असतात : दाते झिजून गोलसर झालेले, गिअर धरून ठेवणारी स्प्रिंग व गोळी कमजोर झालेली, किंवा इंजिन-गिअरबॉक्सचे माउंटिंग तुटलेले. माउंटिंग स्वस्त असल्यामुळे तेच प्रथम पाहावे. अनमोड, चोर्ला किंवा करमल घाटात भरली गाडी इंजिनच्या रोधावर उतरते. गिअर निसटताच सारा भार ब्रेकवर येतो, आणि ब्रेक तापले की त्यांची पकड कमी होते. दांडा हाताने धरून गाडी चालविणे हा उपाय नव्हे. दोष दूर होईपर्यंत अशा गाडीने घाटात जाऊ नये.

तेलाची साक्ष

गिअरबॉक्स उघडण्यापूर्वी त्याचे तेल स्वच्छ भांड्यात काढून उजेडात पाहावे. चुंबकी बोल्टवरील राखाडी, मऊ लेप नेहमीच्या झिजेचा असतो. पिवळसर चकाकी पितळी सिंक्रोनायझर रिंगांची असते. टोकदार पोलादी कपचे सापडले, तर दाते किंवा बेअरिंग फुटले आहे आणि गाडी चालविणे थांबवावे. तेलाचा प्रकार उत्पादकाच्या पुस्तिकेप्रमाणेच असावा. जीएल-४ सांगितलेल्या गिअरबॉक्समध्ये डिफरन्शिअलचे जीएल-५ ओतल्यास त्यातील काही रसायने पितळी रिंगांना बाधतात, आणि निसरडेपणामुळे गती जुळायलाही वेळ लागतो.

तेल दुधाळ दिसले, तर पाणी शिरले आहे. पावसाळ्यात तापलेले डिफरन्शिअल पाण्याने भरलेल्या रस्त्यात बुडाले, की आतील हवा आकुंचन पावते आणि झिजलेल्या सीलमधून किंवा तुटलेल्या ब्रीदर नळीतून पाणी आत ओढले जाते. असे घडल्यास तेल लगेच बदलावे. मासळीच्या गाड्यांतून ठिबकणारे खारे पाणी क्रॉस, पाटे आणि ब्रेकच्या नळ्या लवकर गंजविते. धक्क्यावरून परतल्यावर गाडीचा तळ गोड्या पाण्याने धुणे आणि ग्रीस लवकर लवकर भरणे, एवढी काळजी पुष्कळ आयुष्य वाढविते. क्लचमधील ब्रेक ऑइलही हवेतील ओल शोषते. ते साधारण दोन वर्षांनी बदलावे.

काही पथ्ये

केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. खाली भक्कम स्टँड लावावेत. आजच्या कॉमन रेल डिझेल इंजिनांत इंधनाचा दाब हजार बारच्या पुढे जातो. जुन्या इंजिनांप्रमाणे इंजेक्टरची नळी सैल करून सिलिंडर तपासण्याची रीत येथे प्राणघातक ठरू शकते. बारीक फवाराही त्वचा भेदून आत जातो.

गॅरेजमध्ये नुसते ‘आवाज येतो’ असे सांगितल्यास अंदाजाने भाग बदलले जातात. आवाज गाडी थंड असताना येतो की तापल्यावर, उभ्या गाडीत की धावताना, कोणत्या गिअरमध्ये, किती वेगाला, पेडल दाबल्यावर की सोडल्यावर, कोणत्या वळणावर, रिकाम्या गाडीत की भरलेल्या, हे चालकाने कागदावर टिपून न्यावे आणि मेकॅनिकला शेजारी बसवून तो आवाज प्रत्यक्ष ऐकवावा. काढलेला जुना भागही पाहायला मागावा. झीज डोळ्यांनी दिसली, तर निदान बरोबर होते याची खात्री पटते. भाग धडधाकट निघाला, तर खरा दोष अजून गाडीतच आहे, हे घाटात नव्हे तर गॅरेजच्या दारातच कळते.